लिंबू आमटीत पिळा, तोंडावर नको

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, मी गच्चीत बसून सरबताच्या पाकासाठी लिंबं पिळत होते, शंभरेक तरी असतील, आणि पिळून झाल्यावर सालींचा एवढा मोठा ढीग बघून मला वाटलं की हे सगळं फेकून काय द्यायचं, आपल्याला लहानपणापासून सांगतातच ना लिंबाने रंग उजळतो म्हणून, तर घेतल्या चार साली आणि मस्तपैकी गालावर मानेवर चोळल्या. आणि तशीच कुरडया राखत उन्हात बसून राहिले. दोन दिवसांनी मानेवर आग आग, मग लाल, आणि आठवड्याभरात तिथे चॉकलेटी पट्टे उमटले. एक पट्टा तर रसाचा ओघळ जसा गळ्याकडे गेला होता ना तसाच्या तसा, रेघ मारल्यासारखा. तो जायला गणपती आले.

स्किनच्या डॉक्टरांनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न, लिंबू लावून उन्हात गेला होतात का? म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात असे पेशंट येतच असतात. आपलं जे पातळ सालीचं कागदी लिंबू असतं ना त्यात असं एक द्रव्य असतं जे कातडीवर राहिलं आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं आणि मागे काळा डाग ठेवून जातं. शिवाय लिंबाचा रस इतका आंबट, पीएच साधारण २ च्या आसपास, आणि आपल्या कातडीचा असतो ५ च्या आसपास, म्हणजे ऊन नसलं तरी रोज चोळून कातडी कोरडी आणि चरचरीत होणारच.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या फळीची वाटणीच करून टाकली. काही वस्तू अंगाला, काही पोटाला, आणि काही दोन्हीकडे. घरगुती म्हणजे आपोआप चांगलं असं नसतं हे मला मान दाखवून शिकायला मिळालं. तर आता जे मी खरंच करते आणि जे वर्षानुवर्षं चालतं तेवढंच सांगते, थंडीच्या हिशोबाने सांगते कारण आम्ही नाशिककर, निफाडचा पारा घसरला अशी बातमी आली की आमच्या पोटऱ्यांवर नखाने नाव लिहिता येतं इतकी कातडी पांढरी पडते.

आधी काय लावायचं नाही ते उरकते. लिंबू नाही, सांगितलंच. खायचा सोडा नाही, तो उलट्या बाजूला जातो, कातडीचं जे नैसर्गिक आंबटपण आहे ते मोडतो. दालचिनी नाही, लसूण तर अजिबात नाही, पिंपलवर लसूण चोळून भाजून घेतलेली आमच्या नात्यातली मुलगी मी डोळ्यांनी बघितलीय. टूथपेस्ट नाही. तोंडावर साखर घासायची नाही, कोपराला गुडघ्याला चालेल. आणि कुठलीही नवीन वस्तू, अगदी साधं बेसन असलं तरी, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी लावून बघायची आणि एक दिवस थांबायचं. लाल झालं, खाज आली तर ती वस्तू तुमची नाही, सोडून द्यायची, मग ती आजीने सांगितलेली का असेना.

आता उटणं. हे दिवाळीचं म्हणून चार दिवस लावतात आणि पुडी तशीच बाथरूममधल्या फळीवर दमट होऊन गोळा होते. मी वर्षातून दोनदा करते, एकदा दसऱ्यानंतर आणि एकदा संक्रांतीच्या सुमारास, आणि साबणाच्या जागी तेच वापरते, रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा.

माप असं घ्या. मसूर डाळ १ वाटी, हा पाया. सुकवलेली संत्र्याची साल पाव वाटी, सुकवलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या पाव वाटी, आंबेहळद २ चमचे, वाळा, नागरमोथा, गव्हला आणि कचोरा प्रत्येकी १ मोठा चमचा पावडर. मुलतानी माती तेलकट कातडी असेल तरच, पाव वाटी, थंडीत मी घालत नाही कारण ती आहे तेवढं तेलही ओढून घेते. वाळा नागरमोथा वगैरे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, अख्खं घेतलं तर वास छान टिकतो पण नागरमोथा घरच्या मिक्सरला दाद देत नाही, दगडासारखा असतो, माझ्या मिक्सरचं एक पातं त्यात गेलं, तेव्हा तेवढी पावडरच आणा. दुकानदार "बावची पण टाका ताई, लोक नेतात" म्हणाला तर नको म्हणा. बावची म्हणजे एक औषधी बी, तिनेसुद्धा ऊन लागल्यावर कातडी भाजते, लिंबासारखंच प्रकरण, उलट जास्तच. ती वैद्याच्या हातातली वस्तू आहे, आपली नाही. चंदन मी उटण्यात घालत नाही, खरं चंदन परवडत नाही आणि स्वस्त पावडरीत काय आहे कळत नाही, एक छोटं खोड आईकडचं आहे ते कधीमधी सहाणेवर उगाळते, बस.

डाळ धुवायची नाही, निवडून कोरड्या फडक्याने पुसायची आणि दोन दिवस कडकडीत ऊन द्यायचं. साल आणि पाकळ्या मात्र सावलीत सुकवा नाहीतर रंगही जातो आणि वासही. साल बोटाने मोडली तर काडकन मोडली पाहिजे, वाकली तर अजून ओलावा आहे आणि मग पंधरा दिवसांत डब्यात जाळी धरणार. मग सगळं मिक्सरला बारीक करा, आणि चाळणीने नाही, वस्त्रगाळ करा. जुन्या धोतराचा नाहीतर मलमलचा तुकडा डब्याच्या तोंडाला बांधायचा आणि त्यावरून हाताने पीठ फिरवायचं. कंटाळवाणं आहे, नाकात जातं, शिंका येतात, रुमाल बांधून बसा. पण ही पायरी गाळली की चेहऱ्यावर रवा घासल्यासारखं होतं आणि बायका म्हणतात उटण्याने पुरळ आलं. कपड्यावर जे भरड उरतं ते टाकू नका, वेगळ्या बरणीत भरा, कोपरं, गुडघे, टाचा यांना तेच बरं.

लावायची पद्धत पण सांगते कारण तिथेच सगळे घाई करतात. आधी तेल. तिळाचं तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, कोमट झालं की अंगाला लावून पंधरा-वीस मिनिटं तसंच. ज्यांना पिंपल येतात त्यांनी तोंडाला तेल लावू नका, खोबरेल तर नकोच, ते बऱ्याच जणींना चेहऱ्यावर बाधतं. मग दोन चमचे उटणं दुधात कालवायचं, दूध नको असेल तर साधं पाणी, आणि हलक्या हाताने तेलावरच फिरवायचं. वाळू द्यायचं नाही! तोंड ताणल्यासारखं झालं म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं, पण ते कातडीतलं पाणी चाललेलं असतं. ओलं असतानाच धुवा. त्यावर साबण नको. आणि फरशीवर तेल-पीठ सांडलेलं असतं त्यावर पाय सटकतो, घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या आंघोळीआधी फरशी घासा, आणि मोरीच्या जाळीवर एखादं फडकं ठेवा, मसुराचं पीठ पाइपात जाऊन बसलं की प्लंबरच बोलवावा लागतो.

आता डाळ ऊन खात असते ना तेव्हाच शेजारच्या डब्यातले अख्खे मसूर भिजत घाला. सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी बारीक मोड येतात, मोठे यायची वाट बघू नका. तिकडे कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो ना तो तेलाच्या तवंगाचा असतो, चवीला नंबर एक, पण रोजच्या जेवणाला मी साधा करते. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, एक कांदा चांगला गुलाबी, आलं-लसूण ठेचून, मग हळद तिखट, चमचाभर काळा मसाला, एक टोमॅटो, मसूर, मीठ आणि गरम पाणी. कुकर लावायची गरज नाही, मोड आलेले असतात, झाकण ठेवून वीस मिनिटांत शिजतात, दाणा अख्खा राहतो पण बोटाने दाबला की पीठ होतं. शेवटी गुळाचा खडा.

आणि लिंबू इथे! पण उकळत्या आमटीत नाही, ताटात वाढल्यावर पिळायचं. डाळीतलं लोह अंगाला लागायला सी जीवनसत्त्व मदत करतं आणि ते उष्णतेने कमी होतं म्हणून वरून. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहाने नेमकं तेच लोह अडतं, तासभर तरी जाऊ द्या. आमच्याकडे हे अहोंना पटवायला चार महिने गेले. बऱ्याच बायकांमध्ये लोह कमी असतं, तोंड फिकट पडतं, केस झडतात, आणि आपण त्यावर फेसपॅक लावत बसतो. त्यापेक्षा वाटीभर मसूर आणि अर्धं लिंबू.

आता माझी सगळ्यात आवडती वस्तू, शंभर वेळा धुतलेलं तूप, शतधौत घृत म्हणतात त्याला. विकत मिळतं पण भाव ऐकून घरी करायला घेतलं. साहित्य काय तर ५० ग्रॅम घरचं तूप, पाणी आणि तांब्याची परात, बस. पण वेळ लागतो, दोन तास धरा, त्यामुळे एकटीने करायचं काम नाही, कुणीतरी गप्पा मारायला पाहिजे आणि मोजायला पाहिजे.

परात तांब्याची आणि आतून कल्हई नसलेली. चिंच-मिठाने घासून अशी लख्ख करा की आरशासारखी दिसली पाहिजे, मग धुऊन कोरडी पुसा. तूप थिजलेलं हवं, पातळ असेल तर थोडं गार होऊ द्या. पाणी उकळून गार केलेलं. आता परातीत तूप घ्या, त्यावर दोन-तीन चमचे पाणी घाला आणि तळहाताने किंवा तांब्याच्या छोट्या लोट्याच्या बुडाने गोल गोल घासा. सुरुवातीला तूप इकडे पाणी तिकडे, काही जमणार नाही असं वाटतं. अर्ध्या-पाऊण मिनिटाने पाणी गढूळ होतं, ते परात वाकडी करून ओतून द्यायचं. हे झालं १. परत पाणी, परत घासायचं, २. मी गव्हाचे शंभर दाणे मोजून वाटीत ठेवते आणि प्रत्येक धुण्याला एक दाणा दुसऱ्या वाटीत, तोंडी मोजलं की साठाच्या पुढे हमखास घोळ होतो.

वीसेक वेळा झाल्यावर तुपाचा रवाळपणा जातो. चाळीसच्या आसपास पिवळा रंग फिका व्हायला लागतो आणि ते पाणी आत धरायला लागतं, हाताला जड लागतं, फुगतं. सत्तरच्या पुढे तुपाचा वास जवळपास जातो. शंभराला हातात जे असतं ते तूप वाटतच नाही, पांढरंशुभ्र लोण्यासारखं, बोटावर घेतलं तर गार लागतं आणि कातडीवर चोळलं की जिरून जातं, चिकट राहत नाही. शेवटच्या पाण्यानंतर हाताने दाबून दाबून आतलं सुटं पाणी काढा, आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये.

एक चूक मी केलीय ती तुम्ही करू नका. पहिल्या खेपेला चाळीस झाले आणि पाहुणे आले, म्हणलं उरलेलं सकाळी करू, झाकून तसंच परातीत ठेवलं. सकाळी बघते तर कडेने हिरवट! तूप तांब्यावर जास्त वेळ राहिलं की तांबं त्यात उतरतं. सगळं टाकून दिलं, ५० ग्रॅम घरचं तूप, जीव हळहळला. तर सुरू केलं की संपवायचं, आणि तांब्याच्या डबीत भरून ठेवायचं नाही, दिसायला कितीही छान दिसली तरी.

हे रात्री ओठांना, नाकाच्या कडेला जिथे कोरडं होऊन सालपटं निघतात तिथे, हातांना लावा. भांडी घासून हात फाटतात त्यांना तर फारच छान. यात टिकवायचं काही औषध घातलेलं नसतं आणि आत पाणी आहे, म्हणून महिन्याभराच्या वर ठेवत नाही, वास आंबट आला तर आधीच टाकते. तेलकट, पिंपलवाल्या चेहऱ्याला नको. ताज्या भाजल्यावर तर हे किंवा कुठलंच तूप लावू नका, तिथे आधी नळाचं वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं.

टाचांना मात्र हे पुरत नाही. टाचांसाठी माझ्या सासूबाईंचं कोकमतेल. त्या रत्नागिरीकडच्या, त्यांच्याकडे मुठेल म्हणतात, मुठीने दाबून केलेले फिकट पिवळट गोळे असतात, कोकमाच्या बियांपासून काढतात. तेल म्हणतात पण असतं घट्ट, मेणासारखं, थंडीत सुरीने खरवडावं लागतं. त्यांची पद्धत अशी की पळीत सुपारीएवढा तुकडा घ्यायचा, मंद गॅसवर वितळवायचा, जरा निवला की सोसेल इतपत गरम असताना टाचेच्या भेगांमध्ये बोटाने भरायचा. त्याआधी दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात, आणि उटण्याचं भरड राखलंय ना त्याने घासायचे. भरल्यावर जुने सुती मोजे घालून झोपायचं, चादरीला डाग पडतो नाहीतर. चार-पाच रात्री सलग केलं की फरक दिसतो. सासूबाई आता पंच्याहत्तरच्या पुढे आहेत, त्यांच्या टाचा माझ्यापेक्षा मऊ आहेत हे मला जरा लागतंच. पण भेगेतून रक्त येत असेल किंवा ज्याच्या टाचा आहेत त्याला शुगर असेल तर गरम तेल वगैरे काही करू नका, पायाला कळत नाही आणि भाजतं, डॉक्टरांना दाखवा.

कोरफडीचं पटकन सांगते. कुंडीतली पात कापली आणि लावली असं नाही. कापलेली बाजू खाली करून ग्लासात पंधरा मिनिटं उभी ठेवा, पिवळा कडू चीक निथळून जाऊ द्या, त्यानेच खाज येते. मग धुवा, सोला, गर लावा. उरलेला फ्रीजमध्ये दोन दिवस, पुढे नाही. आणि ग्लिसरीन-गुलाबपाणी, आपल्या आयांच्या काळातलं, ते अजूनही चालतं, १ भाग ग्लिसरीन आणि ३ भाग गुलाबपाणी, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत लावलं तर उलट ओढतं.

सनस्क्रीन घरी होत नाही. खोबरेल तेल, गाजराचा रस, काहीही नाही, ते विकतच आणा.

आता पोटाकडे येते. हे खाऊन आठ दिवसांत चेहरा चमकेल असं मी सांगणार नाही, कातडीला हळूहळूच कळतं. पण थंडीत आमच्याकडे तीन गोष्टी असतातच.

एक, नाचणीची आंबील. रात्री २ मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी ताकात कालवून ओट्यावर झाकून ठेवायचं. सकाळी दीड भांडं पाणी उकळायचं, त्यात मीठ, जिरं, एक ठेचलेली लसूण पाकळी, आणि ते कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, थांबलात की गुठळी झालीच. पाच-सात मिनिटांत ते तपकिरी आणि चकचकीत होतं, पळीच्या मागे थर राहतो, तेव्हा बंद. निवल्यावर वरून अजून ताक, कोथिंबीर, आवडला तर बारीक कांदा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, तांदूळ गव्हाच्या जवळपास पण नाही तेवढं. गरम आंबिलीत ताक घालू नका, फुटतं.

दुसरं, जवसाची चटणी. जवस १ वाटी कढईत मंद आचेवर, ते तडतडायला लागले आणि पॉपकॉर्नसारखे उडायला लागले की झाले, एक मिनिट जास्त झालं तर कडू. सुकं खोबरं पाव वाटी भाजून, आठ-दहा लसूण पाकळ्या, जिरं, तिखट, मीठ, आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, एकदम फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. भाकरी, चटणी, वर कच्चं शेंगदाणा तेल. जवसात ओमेगा ३ जातीची चरबी असते, शाकाहारी घरात ती दुसरीकडून फारशी मिळत नाही. पण तीच चरबी लवकर खवट होते म्हणून महिन्याभराची करून ठेवू नका, पंधरा दिवसांची करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. बाजरीच्या भाकरीबरोबर तर काय सांगू, पीठ मात्र ताजं दळलेलं, बाजरीचं जुनं पीठ कडवट लागतं आणि भाकरी थापताना कडा फाटतात.

तिसरे अळिवाचे लाडू. अळीव पाव वाटी नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे, ते टम्म फुगून चिकट बुळबुळीत होतात, घाबरू नका. एका नारळाचं ओलं खोबरं, १ वाटी चिरलेला गूळ, सगळं एकत्र करून अर्धा तास ठेवलं की गूळ विरघळतो, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतायचं. कडा सुटून गोळा व्हायला लागला की वेलची-जायफळ घालून उतरवा. कोरडं होईपर्यंत परतू नका, गार झाल्यावर अजून आळतं आणि मग लाडू दगड होतात. ओल्या खोबऱ्याचे आहेत म्हणून चार-पाच दिवस, फ्रीजमध्ये. बाळंतिणीला देतातच, पण दिवस गेले असतील तर आपल्याकडे पूर्वापार अळीव टाळतात, तेवढं लक्षात ठेवा.

एक जरा महत्त्वाचं, आणि हे मी दोन-तीन ओळखीच्या पोरींच्या बाबतीत बघितलंय. मानेचा मागचा भाग आणि काखा काळ्या, जाडसर, मखमलीसारख्या झाल्या की आया पोरींना म्हणतात नीट घासून आंघोळ कर, बेसन लाव, बटाटा चोळ. ती घाण नसते हो. बहुतेक वेळा आतल्या इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असते, वजन वाढलेलं असतं, कधी पाळी अनियमित असते. तिथे कितीही उटणं लावा, काही होणार नाही, घासून अजून काळं होतं. शुगर तपासा आणि ताटातला भात, साखर, मैदा जरा आवरा, भाकरी-उसळ वाढवा, हळूहळू मान उजळते. तसंच गजकर्ण, गोल गोल खाजरे चट्टे, त्याला ना हळद ना मेडिकलवाल्याने हातात दिलेली ट्यूब, त्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टिरॉइड असतं, आठवडाभर बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. डॉक्टर.

शेवटचं साठवणीचं. कोरडं उटणं स्टीलच्या किंवा काचेच्या कोरड्या डब्यात पाच-सहा महिने राहतं, बाथरूममध्ये फक्त वाटीभर ठेवा, ओला चमचा घालू नका, आणि कालवलेलं उरलं तर उद्यासाठी ठेवू नका. डब्यावर तारीख लिहा आणि नाव पण लिहा, मोठ्या अक्षरात. मी नव्हते एकदा घरी, माहेरी गेले होते, आणि आमच्या अहोंनी पिठलं करायला फळीवरचा पिवळसर पिठाचा डबा काढला, फोडणी वगैरे अगदी व्यवस्थित, आणि मग मला फोन, अगं आपलं बेसन वेगळ्या दुकानातून आणलंयस का, पिठल्याला गुलाबाचा वास येतोय.